छातीतल्या पाण्याचं माप

समुद्राच्या काठी मोटरी जळण्यापेक्षा ओलावून जास्त बिघडतात. खारा वारा कुठूनही आत शिरतो. काशीद सोडून मुरूडकडे निघालं की रस्त्यालाच आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. कॉटेजवाल्यांचे पंप, वाड्यांतले विहिरीवरचे पंप, बर्फाच्या कारखान्यातल्या मोटरी, सगळं आमच्याकडे येतं. तार भरायचं काम नवऱ्याचं. मोटर तपासणं आणि गिऱ्हाइकाशी भांडणं माझ्याकडे.

तपासायला आमच्याकडे जुना मेगर आहे. पेटीसारखं यंत्र, बाजूला हँडल. एक तार मोटरच्या गुंडाळीला लावायची, एक बाहेरच्या लोखंडाला, आणि हँडल फिरवायचं. काटा खाली पडला तर गुंडाळीत ओल शिरलेली आहे आणि वीज जाऊ नये तिथून जाते आहे. काटा वर चढला तर मोटर कोरडी. ओली मोटर उघडून आम्ही गच्चीवर उन्हात ठेवतो, नाहीतर तिच्या पोकळीत बल्ब पेटवून वर गोणपाट टाकतो. वाळली की पुन्हा मेगर. काटा चढला की गिऱ्हाइकाला फोन. सासूबाईंनी हे रोज पाहिलेलं आहे, कारण दुकान पुढे आणि घर मागे, आणि त्यांची खाट दोघांच्या मधल्या दाराशी.

सासूबाई सुकी मासळी विकतात. बोंबील, सुकट, जवळा. घरामागच्या मोकळ्या जागेत बांबूच्या वलांडी उभ्या आहेत. वलांडी म्हणजे उंच आडवे बांबू, त्यांच्यावर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून वाळत घालतात. पावसाळा सरला की तिथे पांढऱ्या झालरी लटकतात आणि सासूबाईंची तब्येत सुधारते. सत्तरी ओलांडली तरी आठवड्याचा बाजार त्यांनी सोडलेला नव्हता. पहाटे टोपली भरायची, रिक्षाने आगरदांड्याला जायचं, तिथून जेटीवरून बोटीने खाडीपलीकडे दिघीला, आणि पुढे टेम्पोने आतल्या गावच्या बाजाराला. दुपारपर्यंत गोणपाटावर बसायचं आणि रिकामी टोपली घेऊन परत यायचं. बाजारातली जागा त्यांना त्यांच्या सासूकडून मिळालेली, वडाच्या सावलीतली. लागोपाठ खाडे झाले की अशी जागा दुसरी बाई धरते. मग भांडून उपयोग नसतो. बाजाराचा कायदाच तसा आहे.

गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. वाचल्या, पण हृदय अशक्त झालं. डॉक्टरांच्या भाषेत पंप कमी पडायला लागला. पंप कमी पडला की पाणी मागे साचतं, पायात आणि छातीत. ते बाहेर काढायला रोज सकाळी एक गोळी. आमच्या घरात तिचं नाव पाण्याची गोळी. ती घेतली की पुढचे काही तास माणूस संडासाच्या दारापासून लांब जाऊ शकत नाही.

घोटाळा इथेच होता. त्या बाजारात बायकांसाठी सोय नाही. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. विकायला बसलेल्या बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत आणि घरी येईपर्यंत सगळं दाबून धरतात. गोळी घेऊन हे जमत नाही. म्हणून सासूबाई बाजाराच्या दिवशी गोळी घेत नव्हत्या आणि आम्हाला घेतली म्हणून सांगत होत्या. पुढे पुढे बाजाराच्या आदल्या दिवशीही घेईनाशा झाल्या. पाय सुजले. रात्री आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून उशा वाढल्या. गणपती उरकल्यावर मी त्यांना अलिबागच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टरांनी सूज पाहिली आणि गोळी दुप्पट केली.

बाहेर येताच सासूबाईंनी मला सांगून टाकलं.

"एका गोलीत ही गत, दोन गोल्यांत मी बाजारात कशी बसनार गो? गोली कमी कराय सांग तेला. नायतर मी गोली सोडते."

"मग डॉक्टरांना खरं कारण सांगा ना, आई."

"बाप्या मानसाला हे सांगू? तुला काय लाज?"

"मी सांगते."

"तू तोंड उघडलंस तर मी बोंबलाची टोपली घेऊन माहेरी जाईन."

त्यांच्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही, पण धमकी चालू आहे. तेव्हा मी गप्प बसले आणि आत जाऊन डॉक्टरांना एवढंच विचारलं, की गोळी कमी करता येईल का. डॉक्टर पन्नाशीतले, बोलायला बरे. ते म्हणाले, "नुसती सूज बघून ठरवायला नको. माझ्याकडे नवीन यंत्र आलंय, त्यावर बघू. छातीतलं पाणी उतरलेलं दिसलं तर कमी करू."

यंत्र म्हणजे टेबलावरचा एक छोटा पडदा, त्यातून निघालेल्या तारा, आणि तारांच्या टोकाला चिकटणाऱ्या पट्ट्या. नर्सने सासूबाईंना झोपवलं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावायच्या होत्या आणि बरगड्यांच्या खाली दोन्ही कुशींवर. पहिल्याच पट्टीला अडलं. सासूबाई खोबरेल तेल चोपडून आल्या होत्या, पट्टी धरेना. नर्स स्पिरिटने पुसायला लागली आणि पुसता पुसता तिने नाक किंचित आक्रसलं.

"बोंबलाचा वास हाय तो," सासूबाई म्हणाल्या. "स्पिरिटाने जात न्हाय. माझं लगीन झाल्यापासून हाय."

मला यंत्रात रस होता. मी डॉक्टरांना विचारलं, की ह्याला टोचायचं नाही, आत नळी घालायची नाही, मग आतलं कळतं कसं?

त्यांनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगते. प्रत्येक जागी पट्ट्यांची जोडी असते. त्यातल्या छातीपासून लांबच्या पट्ट्यांमधून अगदी बारीक वीज सोडतात, माणसाला ती कळतही नाही. छातीजवळच्या पट्ट्या बघतात, की त्या विजेला छातीत किती अडथळा होतो. रक्त आणि पाणी वीज सहज नेतात. हाड, चरबी आणि फुप्फुसातली हवा नेत नाहीत. हृदय दर ठोक्याला मोठ्या नळीत रक्त फेकतं तेव्हा अडथळा अगदी थोडा उतरतो. किती उतरला आणि किती झपाट्याने उतरला, त्यावरून यंत्र अंदाज बांधतं, की एका ठोक्याला किती रक्त फेकलं गेलं. आणि छातीत पाणी साचलेलं असेल, तर अडथळा मुळातच कमी दिसतो.

"म्हणजे मेगर," मी म्हणाले.

डॉक्टरांना मेगर माहीत नव्हता. मी सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "तत्त्व जवळचं आहे. फक्त तुमच्या मेगरची वीज आजींना लावू नका."

पडद्यावर एक रेघ चालली होती, ठोक्याठोक्याला शेंडा काढत. बाजूला आकडे. मोटरीला लावतो तसं एकदा तपासलं आणि संपलं, असं इथे नव्हतं. प्रत्येक ठोका वेगळा मोजला जात होता. मला तिथून उठावंसं वाटेना. मी विचारलं, आकडा पक्का असतो का? डॉक्टर म्हणाले, पक्का नाही. सोनोग्राफीत हृदय डोळ्यांनी दिसतं, इथे ते विजेच्या चालीवरून ओळखायचं. माणूस जाड असला, हलला, पट्टी इकडची तिकडे झाली, तरी आकडा बदलतो. पण एकाच माणसाचं आज आणि पुढच्या खेपेला काय, हे ताडून बघायला बरं. शिवाय पाय, वजन, छातीचा आवाज हे बघायचंच.

त्या दिवशी छातीत पाणी होतं. आकडे तसं म्हणत होते आणि पायही. डॉक्टरांनी दुप्पट गोळी कायम ठेवली आणि दसरा झाल्यावर परत बोलावलं. "तेव्हा छाती कोरडी दिसली तर कमी करू, आजी," ते पुन्हा म्हणाले.

परतताना सासूबाईंनी एस.टी.त मला खोदून खोदून विचारलं. यंत्राला काय दिसतं? ओल दिसते? मी सांगितलं, आपल्या मेगरसारखं. ओल असली की आकडा खाली, सुकं असलं की वर. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांची परीक्षेची तयारी तिथून सुरू झाली, हे मला नंतर कळलं.

आधी त्या शहाण्यासारख्या वागल्या. दोन्ही गोळ्या रोज घेतल्या, अगदी माझ्यासमोर, जीभ बाहेर काढून दाखवत. बाजाराला चक्क गेल्या नाहीत. बाजारात शेजारी बसणाऱ्या बाईला सांगून जागेवर आपली रिकामी टोपली ठेवायला लावली. म्हणाल्या, "टोपली बसली तरी मी बसले." पाय उतरले, चपला पुन्हा पायात जायला लागल्या. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

मग दसऱ्यानंतरचं ऊन पडलं. आमच्याकडे ते ऊन फार वाईट. वारा पडलेला असतो आणि वाळूवर पाय ठेववत नाही. बोंबील मात्र त्यात उत्तम वाळतात. दवाखान्याची तारीख जवळ आली तशी सासूबाईंनी आपली खाट मधल्या दारातून उचलून मागे वलांडीजवळ न्यायला लावली. म्हणाल्या, कावळे फार झालेत, राखण करते. बोंबलांच्या झालरीखाली त्या डोक्यावर पदर घेऊन पडून राहायच्या. मध्येच कूस बदलायच्या. मी एकदा तांब्या नेऊन ठेवला. संध्याकाळी तो तसाच भरलेला होता.

"पाणी प्यायलात का?"

"पिले गो. दुसऱ्यांदा भरला तो."

नवरा म्हणाला, "आईला राखण करू दे, तिला तेवढाच विरंगुळा." तो दिवसभर तार भरत खाली मान घालून बसतो. त्याला त्याची आईही दिसत नाही आणि कावळेही दिसत नाहीत.

दवाखान्यात जायच्या सकाळी त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि त्या उभ्या राहिल्या तेव्हा खाटेची कड धरून क्षणभर थांबल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, झोप झाली नाही. या खेपेला अंगाला तेल लावलेलं नव्हतं. गळा आणि कुशी त्यांनी स्वतःच रिठ्याने घासून स्वच्छ केल्या होत्या. नर्सला वास येऊ नये म्हणून नाही. पट्ट्या नीट बसाव्यात आणि आकडा नीट दिसावा म्हणून.

डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि खूश झाले. "वा, आजी! छाती चांगली कोरडी झालीय. मागच्या वेळेपेक्षा कितीतरी बरी."

सासूबाईंनी झोपल्या झोपल्या माझ्याकडे बघून डोळा मारला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला डोळा मारल्याचं हे एवढंच उदाहरण.

पण डॉक्टर पडद्यापासून हलले नाहीत. त्यांनी मागच्या खेपेचे आकडे काढले, आताच्या आकड्यांशेजारी ठेवले. मीही मागून वाकून बघत होते. पाण्याचा आकडा सुधारला होता. पण एका ठोक्याला जेवढं रक्त फेकलं जात होतं ते मागच्यापेक्षाही कमी झालं होतं आणि ठोके भराभर पडत होते.

"हे जुळत नाही," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही. "पाणी उतरलं तर हृदयाला सोपं जायला हवं. हे तर धापा टाकतंय."

"पट्टी सुटली असेल," मी म्हणाले. आमच्याकडे आकडा जुळला नाही की आधी जोडणी बघतात.

त्यांनी पट्ट्या दाबून पाहिल्या. ठीक होत्या. सासूबाईंच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती उभीच राहिली, हळूहळू खाली गेली. जीभ बघितली. मग नर्सला म्हणाले, "खाटेची डोक्याकडची बाजू सपाट कर आणि पाय वर घे."

खाटेचा पायाकडचा भाग वर उचलला गेला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी लुगडं गुडघ्याशी घट्ट धरलं. "ह्ये काय करता? मना उलटी टांगता काय बोंबलासारखी?"

तोवर पडद्यावरची रेघ बदलायला लागली होती. शेंडे उंच झाले. फेकल्या जाणाऱ्या रक्ताचा आकडा बघता बघता वाढला. डॉक्टरांनी थोडा वेळ थांबून पाय खाली घ्यायला सांगितलं. आकडा पुन्हा पडला. पुन्हा वर, पुन्हा वाढला.

मला राहवेना. "असं का होतं?"

"पाय वर केले की पायातलं रक्त छातीकडे येतं. बाहेरून थेंबही न देता आतल्या आत ग्लासभर पाणी दिल्यासारखं. हृदयाकडे फेकायला पुरेसं रक्त येत असतं, तर एवढा फरक पडला नसता. ह्यांना फरक पडतोय. म्हणजे पंपाला आत्ता पाणीच मिळत नाहीये." ते सासूबाईंकडे वळले. "आजी, शेवटचं पाणी कधी प्यायलात?"

सासूबाई छताकडे बघत राहिल्या.

"आज सकाळी?"

"चा पिली."

"किती?"

"बशीभर."

"काल?"

"काल पन चा."

"पाणी का नाही?"

 त्या म्हणाल्या, आणि आवाजात जरा ठसकाच होता, "तूच बोललास ना, छाती सुकी दिसली तर गोली कमी करीन? म्हनून सुकवली."

"कशी सुकवली?"

"कशी म्हंजे? उन्हात. पानी बंद, आनि उन्हात पडून ऱ्हायले. बोंबील कसा सुकवतात? ह्यांच्याकडे मोटर कशी सुकवतात? सुकली का मशीन पास करते. गिऱ्हाईक घेऊन जाते."

नर्सने तोंडावर हात धरला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि सांगितलं, की मोटरीला पाणी लागत नाही, माणसाला लागतं. अशक्त हृदय म्हणजे अरुंद वाट. पाणी जास्त झालं तर साचतं, कमी झालं तर पुढे ढकलायला काही उरत नाही. दोन गोळ्या, वर पाणी बंद, वर ऊन. यात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चक्कर येऊन कुठेही पडू शकता. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, त्या दिवसाच्या गोळ्या बंद केल्या आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यातच ठेवून घेतलं, थोडं थोडं पाणी पाजत.

त्यांची गोष्ट सासूबाईंना किती पटली ते मला कळेना, पण मला ती आवडली. आमच्या मेगरला एकच दिशा ठाऊक. जितकं कोरडं तितकं चांगलं. ह्या यंत्राला दोन्हीकडची हद्द बघायची होती, आणि मी सासूबाईंना एस.टी.त ते सांगितलंच नव्हतं, कारण मलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी डॉक्टरांना म्हणाले, पट्ट्या मला लावून बघू का? त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नर्सला खूण केली. सासूबाईंच्या शेजारच्याच खाटेवर मी झोपले. माझी रेघ संथ, एकसारखी. शेंडे मोठे. मग डॉक्टर म्हणाले, मोठा श्वास घ्या. मी घेतला, आणि सबंध रेघ वर सरकली. सोडला, खाली आली. हवा वीज नेत नाही, छातीत हवा भरली की अडथळा वाढतो. मी तीनतीनदा श्वास घेऊन बघितला. आपल्याच छातीचा भाता पडद्यावर वरखाली होताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"तिचं काय बघता?" शेजारून ग्लास तोंडाला लावत सासूबाई म्हणाल्या. "तिच्या छातीत निस्ती हवाच हाय."

त्यांच्या अंगात पाणी गेल्याचा तो पहिला पुरावा.

मी पट्ट्या काढल्या, साडी सारखी केली आणि डॉक्टरांना सांगितलं. सासूबाईंच्या समोरच सांगितलं, मागे जाऊन नाही. बाजार, टेम्पो, दुपारपर्यंत बसणं, सोय नसणं, म्हणून गोळी चुकवणं, म्हणून सूज, म्हणून दुप्पट गोळी, म्हणून हे ऊन. एका दमात. सासूबाईंनी पदर तोंडावरून ओढून घेतला आणि पदराआडून म्हणाल्या, "मेलीला लाज न्हाय. सगल्या गावात दवंडी पीट आता."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाजारातून घरी किती वाजता येता?"

 मी सांगितलं, दोनअडीचपर्यंत.

"मग गोळी अडीचला घ्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सकाळीच घ्यायची ना?"

"सकाळी घ्या म्हणतो, कारण रात्री उठावं लागू नये. दुपारी घेतली तर संध्याकाळपर्यंत काम होऊन जातं. बाजाराच्या दिवशी दुपारी घ्या, बाकी दिवस सकाळी. पण चुकवायची नाही. आणि बाजारात पाणी प्यायचं, घोट घोट. पहाटे गोळी घेतली नसेल तर तेवढं दाबून धरता येईल. येईल ना, आजी?"

पदर किंचित खाली आला. "गोली कमी न्हाय करनार?"

"नाही. आत्ता नाही. नीट घेतलीत आणि पुढच्या वेळी खरे आकडे दिसले तर एकावर आणू. सुकवून आणलेले नकोत."

 रक्ताचा रिपोर्ट आला, मूत्रपिंडं जरा रागावलेली होती, बिघडलेली नव्हती. अंधार पडायच्या आत आम्ही निघालो.

घरी पोचल्यावर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. काही हवं असलं की नवऱ्याला सांगायच्या, "तुझ्या बायकोला सांग, मीठ कमी हाय." मीठ कमी असणारच, तेही डॉक्टरांनीच सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपली उन्हातून आत घेतली, झटकली आणि बोंबलाच्या जुड्या बांधायला बसल्या. बाजार दुसऱ्या दिवशी होता. पहाटे मी उठले तर त्यांनी गोळ्यांच्या पाकिटातून दोन गोळ्या कापून पदराच्या गाठीत बांधल्या होत्या. गाठ मला दाखवली.

दुपारी मी स्कूटर घेऊन आगरदांड्याला गेले. खरं तर मला बघायचं होतं, की त्या कशा उतरतात. पाय सुजून, की चक्कर येऊन, की काहीच न होता. दिघीहून बोट आली, गाड्या उतरल्या, मग माणसं. सासूबाई रिकामी टोपली उलटी डोक्यावर घालून उतरल्या. चढावर एकदा थांबल्या, दम घेतला, चालायला लागल्या. घोट्यांशी थोडी सूज होती. बाजारातली त्यांची शेजारीण, जिने जागेवर टोपली ठेवली होती ती बाई, त्यांच्या मागोमाग होती. वयाने सासूबाईंपेक्षा जरा लहान, ओले मासे विकते.

"पाणी प्यायलात का?" मी विचारलं.

"पिले. बाटलीभर." हे चार दिवसांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. मग टोपली माझ्या हातात देत त्यांनी मागच्या बाईकडे हनुवटी वळवली. "हिला पन पान्याची गोली हाय. ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"बाजाराच्या दिवशी बोटीतनं खाडीत टाकते. इतकी वर्सं शेजारी बसतो, आनि आज बोलली मना. ते पन मी माझं सांगितलं तेव्हा."

ती बाई पदर दातात धरून खाडीकडे बघत होती. तिचे घोटे मी पाहिले. चपलेचे पट्टे कातडीत रुतले होते.

"डॉक्टरांना सांगा, दुपारी घ्यायला परवानगी देतील," मी म्हणाले. "विचारल्याशिवाय मात्र वेळ बदलू नका. तुमची गोळी वेगळी असेल."

"मी न्हाय सांगनार बाप्याला," ती बाई झटकन म्हणाली.

"मी पन न्हाय सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "हिने सांगितलं. हिला घेऊन जा. हिला लाज न्हाय."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. बोटीवरून उतरलेल्या आणखी दोघीतिघी टोपल्या घेऊन थांबल्या होत्या, कुणाची वाट बघत होत्या की ऐकत होत्या ते कळत नव्हतं. मी त्या बाईला विचारलं, तिचा डॉक्टर कोण आणि तारीख कधीची. तिने सांगितलं. सासूबाई तोवर स्कूटरच्या मागच्या सीटवर चढून बसल्या होत्या.

"चल गो बिगीबिगी," त्या म्हणाल्या. "गोली मी बोटीतच घेतली."